अतिक्रमण कोणाचे?

जव्हार संस्थानच्या स्थापनेविषयीची एक आख्यायिका जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन राजघराण्याच्या मूळ पुरुषाने मागितली आणि मागणी मान्य होताच त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापून सारा मुलूख वेढून घेतला. (हीच युक्ती कार्थेजच्या राणीच्याही नावावर सांगितली जाते.) कथा खरी असो वा नसो, तिच्यातील अर्थशास्त्र मात्र खरे आहे. जमीन कोणाची हे ती कसणाऱ्यावर क्वचितच ठरते. ते मोजणाऱ्यावर ठरते.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने हे कातडे जवळजवळ साऱ्या खंडावर पसरले. १७८५ च्या कायद्याने ओहायो नदीपलीकडील भूमीची सहा मैलांच्या चौरसांत आखणी सुरू झाली. प्रत्येक चौरसाचे छत्तीस भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा, आणि त्यांपैकी सोळावा भाग शाळेसाठी राखीव. आखणीपूर्वीच पश्चिमेकडे घुसून झोपडी बांधणारे वसाहतवाले कायद्याच्या दृष्टीने सरळसरळ अतिक्रमक होते. काही ठिकाणी सैन्याने त्यांना हुसकलेही. परंतु ते मतदार होते आणि त्यांची संख्या वाढत होती. १८४१ च्या कायद्याने त्यांना कसत असलेल्या जमिनीपैकी १६० एकरांपर्यंत सव्वा डॉलर एकरी भावाने विकत घेण्याचा अग्रहक्क मिळाला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पुढची पायरी गाठली. पाच वर्षे राहा, कसा, आणि किरकोळ शुल्क भरून १६० एकरांचे मालक व्हा. या कायद्यान्वये पुढे सुमारे सोळा लाख कुटुंबांना मिळून सत्तावीस कोटी एकर जमीन मिळाली. कालच्या अतिक्रमकाला राष्ट्रनिर्मात्याची पदवीही मिळाली.

ही जमीन रिकामी नव्हती. तेथे राहणाऱ्या चेरोकी लोकांना १८३८-३९ च्या हिवाळ्यात मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले, त्या वाटेवर हजारो माणसे मेली. म्हणजे एकाच शतकात, एकाच सरकारने, नंतर आलेल्याची वहिवाट मान्य केली आणि आधीपासून असलेल्याची अमान्य केली.

जव्हार-मोखाड्यात आपण याहून विचित्र गोष्ट करून दाखविली आहे. येथे आधीपासून असलेल्यालाच अतिक्रमक ठरविले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची नाचणी-वरईची शेती डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीची. राब भाजावा, पावसावर पेरावे आणि जमीन थकली की तिला विसावा द्यावा, ही तिची रीत. जमिनीला दिलेला हा विसावा सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो, आणि पडीक म्हणजे कोणाचीही नव्हे, अर्थात सरकारची, हा महसुली तर्कशास्त्राचा पहिला सिद्धांत आहे. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी याच तर्काने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, तरी रेषा पुसल्या गेल्या नाहीत. १९७५ मध्ये राज्यातील खासगी वनेही सरकारात निहित झाली. १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासकीय निर्णय निघाले खरे. पण १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तीही वाट जवळजवळ बंद झाली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आपल्या प्रास्ताविकातच या ‘ऐतिहासिक अन्याया’ची कबुली दिली. १३ डिसेंबर २००५ पूर्वी जे आदिवासी वनजमीन कसत होते त्यांना चार हेक्टरपर्यंत हक्क, पतिपत्नी दोघांच्या नावे, वारसाने जाणारा, पण विकता न येणारा. ही शेवटची अट फार शहाणपणाची आहे. अमेरिकेने १८८७ च्या डॉज कायद्याने मूलनिवासींच्या सामुदायिक जमिनीचे तुकडे पाडून कुटुंबागणिक वाटले आणि उरलेली ‘जादा’ जमीन गोऱ्यांना खुली केली. परिणामी मूलनिवासींकडील तेरा कोटी ऐंशी लाख एकर जमीन १९३४ पर्यंत चार कोटी ऐंशी लाखांवर आली. केवळ वैयक्तिक तुकडा हातात देऊन समूहाचे रक्षण होत नाही, हा त्या अनुभवाचा अर्थ. म्हणूनच आपल्या कायद्यातील सामूहिक वनहक्काची तरतूद वैयक्तिक पट्ट्याइतकीच मोलाची आहे.

परंतु कायदा आणि अंमल यांच्यात पुन्हा मोजणीदार उभा आहे. दावा केलेल्या क्षेत्राहून कितीतरी लहान तुकडा मंजूर झाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जे हजारो शेतकरी चालत आले, त्यांच्या मागण्यांत हे दावे अग्रभागी होते. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि पंधरा दिवसांत त्याला स्थगितीही दिली. त्या पंधरवड्यात डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर काय वाटले असेल, याचा हिशेब कोणत्याही पाहणीत सापडायचा नाही. शिवाय पट्टा मिळाला तरी सातबाऱ्यावर पट्टेदाराचे नाव पुष्कळदा ‘इतर हक्कां’च्या रकान्यात जाते. बँकेचा अधिकारी पीककर्ज देताना आधी कब्जेदाराचा रकाना पाहतो, आणि तेथे वनखाते असते.

अमेरिकेकडून घ्यायचा खरा धडा मात्र मालकीपलीकडचा आहे. १८६२ च्या त्याच उन्हाळ्यात, यादवी युद्ध ऐन भरात असताना, तेथील काँग्रेसने होमस्टेड कायद्याबरोबर आणखी दोन कायदे केले. एकाने पॅसिफिकपर्यंतच्या रेल्वेला जमीन व कर्ज दिले. दुसऱ्याने कृषी महाविद्यालयांसाठी राज्यांना जमीन दिली. जमीन, वाहतूक आणि ज्ञान ही तिन्ही एका दमात सीमेवर नेली. तरीही कोरड्या मैदानांवर असंख्य होमस्टेडवाले बुडाले, कारण १६० एकरांनाही पाणी लागते.

आपल्याकडे पाण्याची दिशा उलटी आहे. या दोन्ही तालुक्यांत पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि उन्हाळ्यात टँकर येतो. मोखाड्याच्या हद्दीत, कोचाळे गावापाशी, मुंबई महानगरपालिकेचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. रोज साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता. ते जाते मुंबईला. मुंबईकरांनी तहानलेले राहावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या तालुक्यातून भांडवली गुंतवणुकीने पाणी बाहेर जाते आणि आत केवळ पट्ट्याचा कागद येतो, तेथील शेतकऱ्याची स्थिती बदलेल कशी? १९९२ मध्ये वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले, मंत्री आले, योजना आल्या. २०१६ मध्ये मोखाड्यात तेच शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत छापावे लागले.

आम्हां प्राध्यापकांना याची कल्पना हजेरीपत्रकावरून येते. भात झोडून झाले, दिवाळी सरली, की या भागातील काही विद्यार्थी दिसेनासे होतात. घरची माणसे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांजवळ व लहानग्यांजवळ कोणीतरी लागते. यांतील काहींच्या घरी वनपट्टा आहे. पट्ट्याच्या जमिनीवर दुसरे पीक घेण्याइतके पाणी असते, तर किती कुटुंबे ट्रकमध्ये बसली असती, हे विचारण्याजोगे आहे.

तेव्हा नाकारलेल्या प्रत्येक दाव्याचे कारण लेखी कळावे, आणि फेरतपासणी ग्रामसभेसमोर, शिवारात उभे राहून व्हावी, ही पहिली गोष्ट. सामूहिक हक्क मिळालेल्या गावांना वनव्यवस्थापनासाठी स्वतंत्र निधी हवा. आणि पट्ट्याच्या प्रत्येक जमिनीवर बांधबंदिस्ती व विहीर किंवा शेततळे, रोजगार हमीच्या कामांत अग्रक्रमाने, आणि तेही दिवाळीनंतर लगेच. फाल्गुनात काम निघून उपयोग नाही. तोवर पाडे रिकामे झालेले असतात.