जुन्या संचांनी ठरवलेला रंग

अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीची कोणती पद्धत टिकणार, याचा निकाल अखेर ज्या घरांत कृष्णधवल संच आधीच येऊन बसले होते, त्या घरांनीच लावला. सीबीएस या प्रक्षेपण कंपनीचे अभियंते पीटर गोल्डमार्क यांच्या पद्धतीत लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची तबकडी पिक्चर ट्यूबसमोर वेगाने फिरत असे आणि पाठोपाठ येणाऱ्या तीन रंगांच्या प्रतिमा डोळ्यांत मिसळून पूर्ण चित्र उमटे. रंग उत्तम दिसत. परंतु तबकडीचा व्यास चित्राच्या दुपटीहून अधिक ठेवावा लागत असल्याने मोठा पडदा अशक्यप्राय होता, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे हे प्रक्षेपण जुन्या संचांवर दिसतच नसे. प्रक्षेपणाचे नियमन करणाऱ्या संघराज्य आयोगाने 1950 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली, ही त्याची मोठी चूकच म्हटली पाहिजे. जून 1951 मध्ये सुरू झालेले हे प्रक्षेपण कोरियन युद्धासाठी साहित्य राखून ठेवण्याचे कारण पुढे आल्यावर ऑक्टोबरमध्येच थांबले.

डेव्हिड सार्नॉफ यांच्या आरसीए या कंपनीने पुढे रेटलेली आणि 17 डिसेंबर 1953 रोजी मंजूर झालेली एनटीएससी पद्धत याउलट होती. तिच्या संदेशात चित्राची उजळता आणि रंगाची माहिती वेगवेगळी असल्यामुळे कृष्णधवल संच केवळ उजळता घेई व रंग सोडून देई. ही सोय साधताना सारा भार पिक्चर ट्यूबवर पडला. आरसीएचे हॅरॉल्ड लॉ आणि त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या ट्यूबमध्ये तीन इलेक्ट्रॉन गन असत आणि पडद्यामागे सुमारे दोन लाख सूक्ष्म छिद्रांचा धातूचा पातळ पत्रा, म्हणजेच ‘शॅडो मास्क’, बसवलेला असे; प्रत्येक गनचा झोत त्या छिद्रांतून जाऊन आपल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडणे आवश्यक होते. तिन्ही झोत जुळवण्याच्या कामाला ‘कन्व्हर्जन्स’ म्हणत. तंत्रज्ञ पडद्यावर पांढऱ्या रेषांची जाळी आणून एकेक बटण पिळत बसे, आणि जुळणी थोडी चुकली तरी त्या रेषांना लाल-निळ्या कडा फुटत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रानेही रंग बिघडत असल्यामुळे संचाची जागा बदलली की हे काम बहुधा पुन्हा करावे लागे.

आरसीएचा सीटी-100 हा संच 1954 च्या वसंतात 15 इंची ट्यूबसह 1000 डॉलरला बाजारात आला. वेस्टिंगहाउसचा संच त्याआधीच आला होता, परंतु त्याची किंमत 1295 डॉलर होती. दोन्हींना गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही, आणि झेनिथसारख्या नामांकित कंपनीने तर 1961 पर्यंत रंगीत संच काढलाच नाही. त्या मंदीच्या वर्षांत रंगीत कार्यक्रमांचा खर्च आरसीएच्याच एनबीसी या प्रक्षेपण कंपनीने नेटाने सोसला, हे तिचे श्रेय मान्य केले पाहिजे.

गोल्डमार्क यांची तबकडी मात्र वाया गेली नाही. वेस्टिंगहाउसने त्याच तत्त्वावर बनवलेल्या छोट्या कॅमेऱ्यानेच मे 1969 मध्ये अपोलो 10 या अवकाशयानातून रंगीत चित्रे पृथ्वीवर पाठवली.