भाड्याचे कवच

23 जून 2025. रात्रीचे दहा वाजून गेले होते. माझा मामेभाऊ दोह्यात नोकरीला आहे. त्याचा फोन आला, "आकाशात लाल गोळे दिसतायत, खिडक्या हादरतायत. मी ठीक आहे. अम्मीला टीव्ही लावू देऊ नको." रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात अर्ध्या घरांतला एक तरी माणूस आखातात आहे. त्या रात्री कुणी झोपले नाही.

अमेरिकेने आदल्या दिवशी इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले होते. इराणने उत्तर दिले ते कतारमधल्या अल उदैद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागून. इराणने आधी कल्पना दिलेली असल्याने जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका कॉलेजच्या मुलाने विचारले, "अमेरिकेचा एवढा मोठा तळ असूनही कतारवर हल्ला कसा झाला?" त्याचे उत्तर सोपे होते. हल्ला तळ असल्यामुळेच झाला.

अडीच महिन्यांनी, 9 सप्टेंबरला, दोह्यावर पुन्हा बॉम्ब पडले. या वेळी इस्राएलने टाकले. गाझातील युद्धबंदीच्या प्रस्तावावर चर्चा करायला जमलेले हमासचे नेते लक्ष्य होते. एका कतारी सुरक्षा कर्मचाऱ्यासह सहा जण मारले गेले. इस्राएल अमेरिकेचा मित्र, कतारही अमेरिकेचा मित्र. कतारच्या म्हणण्यानुसार अमेरिकेचा इशारा देणारा फोन आला तेव्हा स्फोट ऐकू येत होते. आता मात्र त्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. तळ असूनही हल्ला कसा झाला?

यासाठी थोडे मागे जावे लागते. कतार 1971 मध्ये ब्रिटनच्या छत्राखालून स्वतंत्र झाला. लोकसंख्या आज सुमारे 30 लाख, त्यात मूळ नागरिक दहा-बारा टक्केच. समुद्राखाली मात्र जगातला सर्वांत मोठा वायूसाठा आहे, आणि तोही इराणबरोबर वाटून घेतलेला. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला सौदी अरेबिया. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत गिळला तेव्हा प्रत्येक लहान आखाती राज्याला एकच धडा मिळाला: पैसा आहे, सैन्य नाही, तर देश एका रात्रीत जाऊ शकतो. 1992 मध्ये कतारने अमेरिकेशी संरक्षण करार केला. पुढे अब्जाहून अधिक डॉलर खर्चून अल उदैद उभारला. 2003 मध्ये अमेरिकेने सौदीतला आपला हवाई कारभार तिथे हलवला. आज तिथे सुमारे 10 हजार अमेरिकी सैनिक असतात.

साधारणपणे तळ मागणारा भाडे देतो. इथे घरमालकच भाडेकरूसाठी खर्च करतो, कारण भाडेकरू गेला तर दारावर कोण येईल याची त्याला भीती आहे. 2003 च्या इराक युद्धाचे अमेरिकी मुख्यालयही कतारमध्येच होते. म्हणजे ज्या देशाची अल जझीरा वाहिनी बगदादवरचे बॉम्ब दाखवत होती, त्याच देशातून त्या युद्धाची सूत्रे हलत होती. याला सरसकट गद्दारी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ती एका घाबरलेल्या लहान राज्याने मोजलेली किंमत वाटते. किंमत समजून घेणे म्हणजे तिचे समर्थन करणे नव्हे. ती इराकी लोकांनी आपल्या रक्ताने भरली.

पण कवच विकत घेणारा आणि विकणारा एकाच धोक्याकडे बघत नसतात. कतारला भीती शेजाऱ्यांची. अमेरिकेला हवी होती धावपट्टी. जिथे दोघांची गरज जुळली तिथे मैत्री दिसली. 5 जून 2017 रोजी सौदी, अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारची नाकेबंदी केली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी ट्वीट करून नाकेबंदी करणाऱ्यांचीच बाजू घेतली. त्याच महिन्यात अमेरिकेने कतारला एफ-15 विमाने विकण्याचा सुमारे 12 अब्ज डॉलरचा करारही केला. तळावरचे काम एक दिवसही थांबले नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकाच पुरवठादारावर सगळी यंत्रणा उभी केली की पुढे अटी तोच ठरवतो, हे आमच्याकडे नवशिक्यालाही कळते. आणि काही बिघडले की आम्ही आधी विचारतो, लेखी काय आहे? सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ट्रम्प यांनी आदेश काढला की कतारवरचा सशस्त्र हल्ला हा अमेरिकेच्या सुरक्षेला धोका मानला जाईल. ऐकायला भक्कम. पण हा सिनेटने मंजूर केलेला तह नाही. पुढचा राष्ट्राध्यक्ष तो एका सहीने रद्द करू शकतो.

मग लहान देशाने करावे काय? या कहाणीतली सर्वांत दुःखाची गोष्ट मला इथे दिसते. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी 2000 साली संयुक्त संरक्षण करार केला होता: एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा हल्ला. 2017 मध्ये त्याच परिषदेतल्या तीन देशांनी चौथ्याचा रस्ता, आकाश आणि समुद्र बंद केला. जानेवारी 2021 मध्ये अल उला इथे समेट झाला, पण तोवर प्रत्येकाने आपापला रक्षक पक्का केला होता. शेजाऱ्यावरचा विश्वास जितका कमी, तितके दूरच्या बलाढ्याचे कवच महाग.

दोस्तांनो, "उम्मत कुठे आहे?" हा प्रश्न आपण अशा प्रत्येक हल्ल्यानंतर विचारतो आणि दोन दिवसांनी विसरतो. मला वाटते, प्रश्न थोडा बदलावा. यांच्यात एकमेकांना बांधून ठेवणारे, राजांच्या मर्जीबाहेरचे नियम का नाहीत? भावनेने भाऊ होता येते. संकटात उपयोगी पडतो तो पाळला जाणारा करार.

आणि हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यालाही लागू आहे. आपणही जमाती-जमातींत अबोला धरतो आणि निवडणूक आली की एखाद्या "आपल्या माणसा"च्या सावलीत उभे राहतो. त्याची गरज संपली की सावली सरकते. फरक इतकाच की कतारला जे मिळाले नाही ते आपल्या हाती आहे: लेखी संविधान, मताचा हक्क आणि कोर्टाचा दरवाजा. रक्षक शोधण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा जरी शेजाऱ्याशी, मग तो कुठल्याही धर्माचा असो, बोलण्यात आणि हक्क वापरायला शिकण्यात घातला तर बरेच हाती लागेल.

मामेभाऊ अजून दोह्यातच आहे. पगार तिथे आहे, घर इथे. त्याला ना तिथे मत आहे, ना तळाबद्दल कुणी विचारणार आहे. पण त्या रात्री खिडकी त्याचीच हादरली.