स्टेंट मोफत, पुढच्या गोळ्यांचे काय?

दौंड तालुक्यातील राहू बेट म्हणजे उसाचा आणि गुऱ्हाळांचा भाग. अनेक घरांत तरुण मंडळी कुरकुंभ, रांजणगावच्या कारखान्यांत किंवा पुण्यात आणि गावी सत्तरी ओलांडलेले आई-वडील, असे चित्र दिसते. हृदयरोग असेल तर औषधे बहुधा एका कॅरीबॅगमध्ये असतात: डिस्चार्ज कार्ड, दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्धवट संपलेल्या पट्ट्या. कोणती गोळी कशासाठी, असे विचारले की उत्तर रंगाने मिळते. पिवळी सकाळची, पांढरी रात्रीची.

ही ओळख दुसऱ्या कंपनीची पट्टी हातात पडेपर्यंतच टिकते. अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांमध्ये गोळीचा रंग बदलल्यावर औषध सुटण्याची शक्यता 34 टक्क्यांनी, तर आकार बदलल्यावर 66 टक्क्यांनी वाढलेली आढळली. औषध आतून तेच असते, पण हे रुग्णाला सांगायचे कोणी? दुकानात गर्दी असते आणि सूनबाईंना घाई.

भारतासह 17 देशांत झालेल्या 'प्युअर' अभ्यासाचे 2011 मधील निष्कर्ष याहून गंभीर होते. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी, आवश्यक औषधांपैकी एकही न घेणारे श्रीमंत देशांत सुमारे 11 टक्के, तर गरीब देशांच्या गटात 80 टक्के होते. भारत त्याच गटात होता.

यात सगळा दोष रुग्णाचा नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी मोफत होते, पण योजनेचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. नंतर वर्षानुवर्षे लागणाऱ्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाल्या तर ठीक, नाहीतर खिशातून. पैसे संपले की आधी 'बरे वाटते' म्हणून एखादी गोळी गळते. ती क्लोपिडोग्रेल असेल आणि स्टेंट नुकताच बसलेला असेल, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम थांबवणेही धोक्याचे.

लघवीच्या गोळीचे दुखणे वेगळेच. एसटीच्या प्रवासाच्या दिवशी ती मुद्दाम टाळली जाते, कारण वाटेत सोय नसते. बायकांची तर नसतेच. तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून जाते, तेव्हा वारीला निघालेले ज्येष्ठही हाच हिशेब करतात. त्यात गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक घेतले जाते. या वेदनाशामकाने शरीरात पाणी साठते, रक्तदाब वाढतो. म्हणजे हृदयाच्या औषधाने कमावलेले तिथेच जाते.

उपाय अवघड नाहीत, चिकाटीचे आहेत. गोळ्यांची संख्या कमी करणे हा त्यातला एक. युरोपातील 'सिक्युअर' चाचणीत (2022) ज्येष्ठ रुग्णांना अ‍ॅस्पिरिन, रामिप्रिल आणि अ‍ॅटोरव्हास्टॅटिन एकाच गोळीत दिले गेले. त्यांच्यात झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा गंभीर घटना 9.5 टक्के, तर नेहमीच्या उपचारांत 12.7 टक्के होत्या. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा एकत्रित गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

तोवर डॉक्टरांकडे जाताना अख्खी कॅरीबॅगच सोबत नेणे आणि प्रत्येक पट्टीवर 'प्रेशर', 'रक्त पातळ', 'लघवी' असे मराठीत लिहून घेणे, एवढे घरच्यांना करता येते. पट्टी बदलली की लिहिणेही नव्याने करावे लागते.