खेळायला आलेले टिकतात का?

व्यायामाचे साधन घरात आणणे सोपे. ते तिसऱ्या महिन्यातही वापरात ठेवणे अवघड. गेमयंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांपुढेही वेगळ्या कारणाने हाच पेच असतो. चार घटका करमणूक म्हणून खेळणारे हौशी लोक गर्दी करतात, पण लवकर पांगतात. मुरलेले खेळाडू संख्येने कमी. पण वर्षानुवर्षे तेच टिकतात. या दोघांना सांभाळण्याची जपानच्या निन्टेन्डो कंपनीची कसरत आरोग्याच्या दृष्टीनेही बोधप्रद आहे.

१८८९ साली क्योटोमध्ये पत्ते बनवण्यापासून सुरुवात केलेल्या या कंपनीने २००६ च्या अखेरीस ‘वी’ हे यंत्र आणले. प्रतिस्पर्धी कंपन्या अधिक ताकदीच्या यंत्रांमागे लागल्या होत्या. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरु इवाता यांचा रोख मात्र कधीच न खेळणाऱ्यांकडे होता. डझनभर बटणांऐवजी टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी हाती आली. तिच्यातली त्वरण मोजणारी चिमुकली चिप हाताची हालचाल टिपायची. हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरे. नातवंडांबरोबर आजी-आजोबाही खेळू लागले. मुरलेल्यांसाठी ‘झेल्डा’ मालिकेतला दीर्घ खेळही पहिल्या दिवसापासून होता. दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. पण २०१२ मध्ये आलेले ‘वी यू’ सुमारे एक कोटी ३५ लाखांवरच थांबले. हौशी मंडळींच्या हाती तोवर मोबाइल आला होता.

‘वी’मुळे घरबसल्या व्यायाम होईल, ही आशाही तेव्हा बळावली. संशोधकांनी ती तपासली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २००७ च्या अभ्यासात बसून खेळण्यापेक्षा ‘वी’ खेळताना मुलांची ऊर्जा निदान निम्म्याने अधिक खर्च झाली. तरीही ती प्रत्यक्ष मैदानी खेळापेक्षा कमीच भरली. २०१२ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकातील अमेरिकी अभ्यासात मुलांना हालचालीचे खेळ घरी दिले गेले. काही आठवड्यांनंतरही त्यांची एकूण शारीरिक हालचाल इतर मुलांपेक्षा वाढली नव्हती. पक्षाघाताच्या १४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आले. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ‘वी’ खेळणाऱ्यांचे हात जेवढे सुधारले, जवळपास तेवढेच पत्ते वा तत्सम साधे खेळ खेळणाऱ्यांचेही सुधारले. म्हणजे गुण यंत्रापेक्षा हात पुन्हा पुन्हा वापरण्यात होता.

यातून निघणारा अर्थ असा, की सोपेपणा माणसाला दारापर्यंत आणतो. त्याला आत टिकवण्यासाठी पुढची पायरी लागते. २०१९ चा ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ त्या दिशेने गेला. हातात दाबायचे कडे, मांडीला पट्टा; जागच्या जागी धावायचे आणि बैठका मारून राक्षसांना हरवायचे. व्यायाम नवख्यालाही जमणारा, पण कथा आणि चढत्या पातळ्या मुरलेल्यांच्या खेळांतल्या. त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

मात्र खिळवून ठेवण्याचे हेच कसब उलटूही शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ समाविष्ट आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. किती तास खेळले, एवढ्यावरून निदान होत नाही. ताबा सुटला का, हे पाहिले जाते. ‘वी’वरचे खेळ अधूनमधून विश्रांती घेण्याची आठवण करून देत आणि दिवसभरात किती वेळ खेळले याची नोंद ठेवत. खेळाडूला टिकवून धरणाऱ्या प्रत्येक यंत्राकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

पालकांनी आणि फिजिओथेरपिस्टनी नव्या खेळाची पारख पहिल्या आठवड्याच्या उत्साहावरून करू नये. तीन महिन्यांनीही तो खेळला जातो का, त्यात शरीर खरोखर हलते का आणि जेवायला हाक मारली की खेळणारा विनातक्रार उठतो का, हे पाहावे. यातले एक जरी उत्तर नकारार्थी आले, तर मैदान किंवा संध्याकाळचा फेरफटका हाच अधिक भरवशाचा पर्याय ठरतो.