मुशीचं वय मणक्यात

परवा घरात मुशी साफ करताना नातीने एक गोल मणका उचलला आणि विचारलं, "नाना, ही किती वर्षांची होती?" प्रश्न छोटा, पण शास्त्रज्ञांनाही पुरून उरणारा.

सुरमई, बांगड्याच्या कानात छोटा खडा असतो. झाडाच्या बुंध्यात असतात तशी त्यात वर्तुळं असतात. ती मोजली की वय कळतं. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तिच्याकडे असा खडा नाही. म्हणून मणक्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. एक फिकट आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष, असा हिशेब धरतात.

पण जोडी खरंच वर्षाला एकच पडते का? हे तपासायला अणुस्फोट कामी आले. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या चाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि समुद्रातून जिवांच्या अंगात उतरला. तो कोणत्या पट्ट्यात किती सापडतो, यावरून तारीख ताडून पाहता येते. पाकिस्तान आणि तैवानच्या व्हेल शार्कचे मणके असे तपासले, तेव्हा जोडी वर्षाला एकच पडते हे २०२० मध्ये कळलं. त्यांतली पाकिस्तानची सुमारे दहा मीटरची शार्क मेली तेव्हा पन्नास वर्षांची होती.

ग्रीनलंड शार्कच्या मऊ मणक्यात पट्टे दिसत नाहीत. तिच्या डोळ्याचं भिंग तपासलं. २०१६ च्या अभ्यासातली सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. ही जात वयात यायलाच सुमारे दीडशे वर्षं घेते.

हे मोजायचं कशाला? काही जातींत म्हातारपणी पट्टे पडणं थांबतं, वय कमी भरतं. मासा लवकर वाढतो असा समज होतो आणि जाळी जास्त पडतात. सुरमई लाखो अंडी घालते. शार्कला पिल्लं मोजकीच.

सगळ्या मुशी सारख्या नाहीत. आपल्या किनाऱ्यावरची छोटी मुशी एक-दोन वर्षांत वयात येते. हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीला मात्र कित्येक वर्षं लागतात, आणि तिची पिल्लंही बाजारात छोटी मुशी म्हणूनच दिसतात. डोकं पसरट दिसलं तर ती पाटी सोडून पुढे जावं.

नातीचा मणका आता खिडकीत वाळतोय. वर्तुळं मोजायची आहेत.