परसातली धुराची शेगडी

मैत्रिणींनो, परवा ह्यूस्टनहून धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, परसात धुरावर मांस शिजवायला पेलेट ग्रिल घ्यायचंय. २००० डॉलरचं घेऊ?" गेल्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते, शेजारणीचं जवळून पाहिलं होतं, म्हणून मला विचारणं!

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्या पेटीत भरायच्या. विजेवर फिरणारा स्क्रू त्या थोड्याथोड्या विस्तवात ढकलतो, पंखा वारा घालतो. आच २२५ अंश फॅरनहाइटवर टिकली, की पोर्कचा मोठा तुकडा दहा-बारा तास निवांत शिजतो.

मी म्हटलं, मोबाइलवरून चालतं याला भुलू नकोस बाई. पत्रा जाड आहे का, झाकण घट्ट बसतं का, राख नि चरबी काढायला हात पोचतो का, ते दुकानात उघडून बघ. साचलेली चरबी पेट घेते. कांड्यांना घट्ट झाकणाचा डबा हवाच. शेजारणीच्या कांड्या दमट हवेनं फुगून भुसा झाल्या, स्क्रू अडकला, आणि पाहुणे ताटकळले! शिवाय धुराचा वास लाकडाच्या भट्टीपेक्षा सौम्यच. तुझ्या नवऱ्याला चालेल?

ती जरा गप्प झाली. म्हणाली, "थांब, ह्यांनाच विचारते."