सारथ्य यंत्राचे, दोष माणसाचा

स्वयंचलित मोटारींचे पुरस्कर्ते सांगतात की, अपघात बहुधा माणसाच्या चुकीने होतात, सबब माणसालाच दूर करावे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. यंत्र थकत नाही, मद्यही पीत नाही. परंतु आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक तथाकथित स्वयंचलित मोटारींत माणूस दूर झालेलाच नाही. त्याला केवळ यंत्राचा राखणदार करून बसविले आहे.

यातली विसंगती लिझान बेनब्रिज या विदुषीने १९८३ सालीच कारखान्यांच्या संदर्भात दाखविली होती. सोपे काम यंत्राकडे जाते, अवघड प्रसंग तेवढा माणसाच्या वाट्याला उरतो. आणि सरावावाचून गंजलेल्या हातांनी तो त्याने क्षणार्धात निभवावा, अशी अपेक्षा! १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात वेगमापक नळ्यांत बर्फ साचून स्वयंचालक सुटला. वैमानिकांना विमान सावरता आले नाही. २२८ जीव गेले. २०१३ मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने हाताने विमान चालविण्याचा सराव वाढविण्याची सूचना कंपन्यांना केली. मोटारचालकाला असे सांगणारे कोण आहे?

कौशल्याच्या ऱ्हासाहूनही मला जबाबदारीचा प्रश्न मोठा वाटतो. १८ मार्च २०१८ रोजी अॅरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणी-मोटारीने सायकल ढकलीत रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीचा बळी घेतला. धडकेपूर्वी पाच सेकंदांहून अधिक काळ ती यंत्रणेला दिसत होती, पण हा पादचारी आहे हे यंत्रणेला उमगले नाही. मोटारीच्या मूळ उत्पादकाची तातडीची ब्रेकव्यवस्था चाचणीत बंद ठेवली होती. पूर्वी गाडीत दोन माणसे बसत; कंपनीने त्यांतले एक कमी केले होते. चालक स्त्रीची नजर फोनवर होती, हा तिचा दोष खराच. चौकशी मंडळाने कंपनीच्या ढिसाळ सुरक्षाव्यवस्थेवरही ठपका ठेवला. तथापि फौजदारी खटला कंपनीवर झाला नाही. २०२३ मध्ये तीन वर्षांच्या देखरेखीची शिक्षा झाली ती पगारी चालकाला.

रोजगार जाईल म्हणून चालकविरहित मोटारी येऊ देणार नाही, असे नितीन गडकरी यांनी २०१७ साली व पुढेही सांगितले. ठीक आहे. परंतु आपोआप ब्रेक लावणाऱ्या, मार्गिका सांभाळणाऱ्या अर्धस्वयंचलित मोटारी आपल्या रस्त्यांवर आल्याच आहेत, आणि त्या पुष्कळदा पगारी चालकाच्या हाती असतात. तेव्हा चालक संघटनांनी आताच दोन गोष्टी मागाव्यात : मालकाच्या खर्चाने नियमित प्रशिक्षण, आणि अपघातानंतर यंत्रातील नोंदी चालकाला मिळण्याचा कायदेशीर हक्क.